फाट्यावरची मावशी

मोताळ्याच्या एस.टी.त शेजारच्या बाईनं डबा उघडला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा, ठेचलेल्या मिरची-लसणाचा वास असा काही नाकात शिरला की मी तोंड खिडकीकडे वळवलं. नेमका आमचा फाटा जवळ येत होता.

आमचा म्हणजे आम्हा चौघांचा; रोज सकाळी आमची जीप इथूनच निघायची. एका संस्थेच्या पाणी अडवण्याच्या प्रकल्पात आम्ही काही वर्षं गावोगाव हिंडलो. जीपवाले काका, एक इंजिनिअर, मी आणि मावशी. बायकांना सभेसाठी घराबाहेर काढणं हे मावशीचं काम. पदर कमरेला खोचून ती कुणाच्याही उंबऱ्यावर टेकायची, हक्कानं चहा मागायची, आणि दुपारी गावातल्या साऱ्याजणी पारावर हजर! शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीखाली जेवायला बसलो की नियम एकच, आपला डबा आपण खायचा नाही. त्यामुळे मावशीच्या हातची हीच कळण्याची भाकर मला मिळायची आणि माझ्या करपलेल्या पोळ्या काका बिचारे निमूट गिळायचे.

मावशी विधवा, मुलाच्या आधारानं राहणारी. मुलानं बजावलेलं होतं, प्रकल्प आहे तोवर जा, मग मुकाट्यानं घरी बस. हे ती त्याची नक्कल करून सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

प्रकल्प संपला. शाल-नारळ झाले, फोटो झाले, साहेबांचं लांबलचक भाषण झालं. त्या गडबडीत आम्ही चौघं एकमेकांशी धड बोललोसुद्धा नाही. काकांनी रोजच्यासारखं घरी सोडलं. "येतो वं," मावशी रोजच्यासारखंच म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरून फाट्यावर उभी! सवय, दुसरं काय. स्वतःवरच चरफडत परत फिरणार, तोच लिंबाखाली मावशी दिसली. तिच्याही हातात डबा.

"तू बी आली काय वं?"

"मावशी, आता गाडी नाही येणार."

"मले काय मालूम नाही? घरात काही सुधरूनच नाही राह्यलं. पाय इकडंच आले."

तिथंच दगडावर बसून आम्ही डबे बदलले. मी म्हटलं, महिन्या-महिन्याला तुमच्या घरी येत जाईन. तिनं मान हलवली.

"घरी येजो नोको. तिथं मी कोनाची सासू, कोनाची आजी. चहा ठेवीन न् कोपऱ्यात गुमान बसीन. तू मले इथलीच ध्यानात ठेव, माय."

मग उठली, डबा विसळला, गावाकडं चालू लागली. वळणाशी तिनं कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून घेतला. तो पदर पाहिला आणि मला रडू फुटलं. आदल्या दिवशीच्या भाषणांत कोरडी राहिलेली मी, त्या रिकाम्या फाट्यावर हमसून हमसून रडले.

आता आम्ही अडवलेले नाले गाळानं भरत आलेत. काकांचा फोन लागत नाही, इंजिनिअर लांब कुठं नोकरीला आहे. मावशीचं घर मात्र फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दर खेपेला वाटतं, उतरावं. ती आहे की नाही, एवढं तरी विचारावं.

"घ्या न ताई," शेजारच्या बाईनं अर्धी भाकर पुढं केली. मी पिशवीतून माझा डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. कंडक्टरनं फाट्याचं नाव पुकारलं, दार उघडलं, कुणीतरी उतरलं.

मी भाकर खात बसून राहिले. मावशीनं माझ्याकडे एवढं एकच तर मागितलं होतं.