झग्याची कड

मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो, तेव्हा तिथल्या वाचनालयात एक तैलचित्र पाहिलं. अंगात लाल झगा, खांद्यावर पांढरी फर आणि चेहरा अगदी दगडासारखा. विणकराच्या घरात जन्मलेला हा माणूस कापडगिरणीचा मालक झाला आणि उतारवयात लॉर्ड झाला, असं खालच्या पाटीवर लिहिलं होतं.

माझी नजर मात्र त्याच्या डाव्या हातावर अडकली. झग्याची कड त्यानं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली होती.

"पोझ असेल हो बाबा," मुलगी म्हणाली.

पोझ कसली! इचलकरंजीत आमचं कापडाचं दुकान होतं. व्यापाऱ्यांनी अण्णांचा सत्कार केला, तेव्हा शाल खांद्यावर पडताच त्यांची बोटं अशीच काठावर गेली होती. "लोकर नाही गं ही," ते शेजारी बसलेल्या आईला म्हणाले. "गप्प बसा," आई म्हणाली.

चित्रकारानंही याला हात खाली ठेवायला दहादा सांगितलं असेल. सगळे त्याचा मान बघत होते आणि तो पोत बघत होता. पण पोत त्याला पटला का? मी पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला अण्णांची शिकवण आठवली. माल मनात भरला की चेहरा दगडाचा करायचा, नाहीतर समोरचा भाव वाढवतो.

लॉर्डसाहेबांना तो झगा फार म्हणजे फारच आवडला होता.