घावण्यांचा तवा

काशीरामचं नाव काढलं की आमच्या वाडीत अजून लोक नाक मुरडतात. मुरडा मेल्यांनो, मुरडा! ज्याच्या पोटात ते गेलं त्याच्या नावाचा पार बांधलात देवळापुढं, आणि ज्याने नुसतं रांधलं त्याचं नाव आलं की तुम्ही थुंकता. मी त्याची शेजारीण, गोदा. त्याचं मागीलदार आणि माझं मागीलदार, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. त्यामुळं मला कुणी शिकवायला येऊ नका.

काशीराम रत्नागिरीत टेकडीवरच्या बंगल्यात साहेबाचा खानसामा. बायको चिमाला अंगावर पाजत असतानाच गेली, पोर त्याने एकट्याने वाढवली. साहेब रविवारी प्रार्थनेहून उशिरा यायचा, मग न्याहारी आणि जेवण मिळून एकच काहीतरी भरभक्कम लागायचं त्याला. डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, बेकन म्हणतात म्हणे. त्या तव्यावर त्यांच्याच चरबीत कुरकुरीत करायच्या, त्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि कांदा लाल परतायचा, मध्ये खळगे करून अंडी फोडायची आणि वर झाकण. गावाला हे सगळं ठाऊक होतं. गावाची अट एकच: साहेबाच्या चुलीवर काय वाटेल ते रांध, गावातल्या चुलीवर ते चढता कामा नये. काशीरामने ती अट नेमासारखी पाळली. रोज संध्याकाळी विहिरीवर न्हायचा, धोतर बदलायचा, मगच उंबऱ्याच्या आत. आषाढातसुद्धा कुडकुडत न्हाताना मी त्याला बघितलाय.

चिमाला गुहागरकडचं स्थळ आलं. नारळी-पोफळीची वाडी, मुलगा निर्व्यसनी, सासू गरीब गाय. चिमा नुसती फुलून गेली होती. गडग्यावरून मला हाक मारून विचारायची, "काकी, गुहागरात समुद्र आपल्यासारखाच असतो का हो?" मी म्हणायची, "जा आणि बघून ये, भवाने." पण आमच्यात रीत अशी, की मुलीच्या बापाने गावकराकडं, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याकडं, विडा न्यायचा आणि गावकराने त्यातली सुपारी उचलायची. ती उचलल्याशिवाय गावचं कुणी त्या मांडवात पाऊल टाकत नाही. आमचा गावकर आप्पा. कपाळभर गंध, गळ्यात माळ आणि नजर मांजरीची.

काशीराम विडा घेऊन गेला. आप्पाने सुपारीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच उपरण्याखाली पत्र्याचा डबा लपवून काशीरामच्या मागीलदारी आला. मी गडग्यापलीकडं भांडी घासत होते.

"काशा, मी काही कामानं बंगल्यावर येतो ना, तेव्हा तो वास येतो. नाकातनं जात नाय रे. बोटीवरच्या एकाकडून त्या मांसाचा डबा मिळवलाय. उद्या रविवार, साहेब दौऱ्यावर. करून घाल."

"बंगल्यात करून आणतो, आप्पा."

"तिथले शिपाई बघतील. हितंच कर."

"गावातल्या चुलीवर?"

"गाव म्हणजे कोण रे? मीच ना?"

"माझ्याकडं तसलं भांडं नाय हो..."

आप्पाने आत मान घालून भिंतीकडं बोट केलं. खुंटीला बिडाचा तवा होता, चिमाच्या आईचा, घावण्यांचा. ती गेल्यापासून चिमाशिवाय कुणी त्याला हात लावला नव्हता. "हा काय सोन्यासारखा तवा! आणि हे बघ, सुपारीचं उद्या जेवून उठलो की बघतो."

बापाचं काळीज ते! चढवला त्याने तवा.

रविवारी आप्पा मागच्या पडवीत पाटावर बसला. चरचर आवाज माझ्यापर्यंत येत होता. मेल्याने गंधसुद्धा पुसलं नव्हतं. अंड्याचा पिवळा बलक भाकरीने पुसून पुसून खाल्ला, बोटं चाटली, आणि वर म्हणतो, "चिमा, आणखी एक वाढ गो. लाजतेस काय, घरचाच समज." चिमा वाढत होती. तोंड फिरवून, श्वास धरून, पण वाढत होती. तिला वाटत होतं, हे ताट संपलं की आपलं लग्न ठरलं.

पण त्या दिवशी वारा समुद्रावरून वर चढत होता. वास निघाला तो सगळ्या वाडीवर पसरला. मासळीचा वास आम्हाला जन्माचा, हा निराळा. पुढच्या दारी माणसं जमायला लागली, "काय रांधतोस रे काशा?" म्हणून आरडाओरड झाली. आप्पाने चूळ भरली आणि काजूंच्या झाडांतून पसार झाला. सुपारीचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसला. बायकांना तिथं मज्जाव, पण माझा दीर महिपत होता, त्याने घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. आप्पानेच काशीरामला देवाच्या पाषाणावर हात ठेवायला लावला. आणि देवावर हात असताना आमच्यात विचारतील तेवढंच बोलायचं असतं. एक शब्द जास्त बोलला तर तो देवाचा अपमान, सगळं बोलणं खोटं धरतात.

आप्पाने विचारलं, "तुझ्या चुलीवर डुक्कर रांधलं की नाय?"

काशीराम म्हणाला, "रांधलं."

आणि हात तसाच ठेवून उभा राहिला. त्याला वाटलं, आता विचारतील खाल्लं कोणी. कुणीही विचारेल ना हो! आप्पाने नारळ फोडला. नारळ फुटला की विचारणं संपलं. काशीराम वाळीत पडला.

मी महिपतला ओरडून सांगितलं, खाल्लं आप्पाने, मी बघितलंय, आत्ता येते देवळात. त्याने मला दंडाला धरून माजघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. "आपली विहीर बंद करशील," म्हणाला. सुटले तशी गडग्यावर धावले. "अरे, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?" काशीराम गडग्यापाशी आला. "विचारलंच नाय हो वहिनी," एवढंच म्हणाला. मला त्याचा इतका राग आला, की रडूच फुटलं.

गुहागरवाल्यांनी सोयरिकीचा नारळ परत धाडला. स्वतः आलेसुद्धा नाहीत, गाडीवानाच्या हाती धाडला. विहीर बंद, न्हावी बंद, दुकान बंद. चिमा पऱ्याचं, ओढ्याचं गढूळ पाणी वस्त्रगाळ करून वापरायची. पुढं साहेबाची बदली झाली, नवा साहेब आपला खानसामा घेऊन आला, तीही भाकर गेली. काशीराम सुंभ वळायचा. मिरकरवाड्यातले मुसलमान होडीवाले ते घ्यायचे, म्हणून दोघं जगली. चिमाने मला पुन्हा गुहागरच्या समुद्राचं कधी विचारलं नाही.

वर्षं गेली. आप्पाचे दात पडले, पण जीभ शाबूत. एक दिवस मागीलदारी हजर, उपरण्याखाली डबा!

"काशा, तुझं वाळीत उठवायचं मनात हाय माझ्या. शिमगा होऊ दे, सुपारी उचलतो चिमाची. बिजवर असला तर चालेल ना? आणि तुला आता कसलं रे भय? जायचं ते गेलं."

आणि काशीरामने तवा काढला! मी गडग्यावरून ओरडले, नको म्हणून. तो म्हणाला, "वहिनी, पोरीचं वय चाललंय." त्यानंतर आप्पा येतच राहिला. शिमगे आले नि गेले. दर वेळी नवा डबा, दर वेळी तीच सुपारी.

शेवटी एकदा वाढता वाढता चिमा थांबली. कानांपाशी तिचे केस पिकायला लागले होते. उलथनं हातात तसंच धरून तिने विचारलं, "आप्पा, हे खाल्लं कोणी?"

चुलीपाशी काशीरामचा हात जागच्या जागी थांबला. देवळात ज्या प्रश्नाची वाट बघत तो उभा होता, तो हाच.

आप्पा खो खो हसला. "मी खाल्लं. मागंही मीच खाल्लं. जा की, देवळात जाऊन सांग. वाळीतल्याचा शब्द धरतो कोण गो?"

आणि त्याने ताट पुढं सरकवलं.

काशीरामने तव्यात आणखी एक अंडं फोडलं.