कोमट झाकण

माझ्या होडीचं जुनं मशीन विकत घ्यायला खाडीपलीकडचे एक म्हातारे तांडेल आले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा त्यांनी मशीनच्या झाकणावर ठेवला. झाकण कोमट होतं.

"आज चालवलंत काय?"

"नाही हो," मी म्हणालो, आणि मला माझीच किळस आली.

तासाभरापूर्वी याच मशीनशी मी झटत होतो. चोक ओढला, दोरी हिसकून हिसकून खांदा भरून आला, तेव्हा कुठे ते काळा धूर ओकत सुरू झालं. वेगाची मूठ सैल पडली होती, तर तिची तार आतून नायलॉनच्या दोरीने आवळून टाकली. मग बराच वेळ चालू ठेवलं, गिऱ्हाइकासमोर अडू नये म्हणून. शी!

दारात पाहुण्याची चाहूल लागली की घरातला चढलेला आवाज असाच एकदम मऊ होतो. आपण सगळे एकमेकांना तापवून ठेवलेलेच दाखवतो. माणूस कळायचा तर तो गार असताना गाठायला हवा, आणि तेवढी सवड आपण कुणाला देत नाही.

मी दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला मशीन सुरू झालं.

"झकास," तांडेल म्हणाले. "उद्या सकाळी येतो. तोवर हात लावू नका."

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी तो तळवा लुंगीला पुसला.