थांब्यासमोरची बाई
बर्गनला बसमधून उतरल्यावर कळलं, की आमची भाड्याची खोली अजून बरीच वर, दगडी पायऱ्यांच्या टोकाला आहे. तिथे गाडी जात नाही. पाऊस भुरभुरत होता. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि बॅग ही अशी अवजड.

"तू खोली बघून ये, मी थांबतो इथे," हे म्हणाले. पण परक्या गावात ह्यांना भिजत ठेवून जायला माझा पाय निघेना.

आमच्याच बसमधून उतरलेली एक वयस्क बाई घुटमळली. मी तिला फोनमधला पत्ता दाखवला. तो वाचून तिने सरळ बॅगेची एक बाजू उचलली. "दुसरी बाजू तुम्ही धरा," ती इंग्रजीत म्हणाली, आणि ह्यांना, "तुम्ही कठडा धरून या. घाई नाही."

वाटेत ह्यांना दम लागला, की ती समुद्र बघायलाच थांबल्यासारखी थांबायची. एका पांढऱ्या लाकडी घराच्या दारात तिने बॅग टेकवली.

"तुम्ही इथेच राहता का?" मी विचारलं.

"नाही. खाली, थांब्यासमोर," म्हणाली, आणि मी आभार मानेपर्यंत वळलीसुद्धा.

प्रवासात आपण बस शोधतो, खोली शोधतो. सोबत मात्र अशी न शोधता मिळते.

"नावही विचारलं नाही गं तिचं," हे ओला कोट काढत म्हणाले.

खिडकीतून ती पायऱ्या उतरताना दिसत होती. मी हात हलवला. तिने वर पाहिलं नाही. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत राहिले.