पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढलेली. आमच्या मुरबाडकडच्या गावांत अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, आखडलेलं अंग मोकळं होतं, असं मानतात. त्यामुळे थोरामोठ्यांना लाथा मारायचा मान मला लहानपणीच मिळाला. आवणीच्या दिवसांत तर संध्याकाळी ओटीवर रांग लागायची. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावली की पोटऱ्यांत गोळे यायचेच. माणसं पालथी पडायची आणि मी भिंत धरून त्यांच्या पोटऱ्यांवर टाच फिरवायची. गाठ आधी सुपारीसारखी कडक लागते. तिच्यावर दाब धरून ठेवला की हळूहळू सैल पडते आणि माणूस सुस्कारा टाकतो. मला त्या सुस्काऱ्याची चटक लागली होती. खरं सांगायचं तर मी शेफारले होते. लग्न होऊन शहापूरला आले तरी माहेरून बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायची. सासू म्हणायची, निघाली डॉक्टरीण.

तीन वर्षांपूर्वी म्हशाच्या जत्रेत एका बैलाने बाबांना धडक दिली आणि त्यांचा डावा पाय मोडला. दीड महिना प्लास्टर होतं. ते काढल्यावर चार दिवसांनी आईचा फोन आला की पोटरी टणक झालीय, टाच टेकवत नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी गेले. पाय गुडघ्याखाली सुजला होता, कातडी चकचकत होती, हाताला गरम लागत होती. हे सगळं मी पाहिलं. भाऊ म्हणाला, दवाखान्यात दाखवून येऊ. मी त्याला उडवून लावलं. मोडलेल्या हाडाचं डॉक्टरला कळतं, गोळ्याचं मला कळतं, असं म्हणाले. इतके दिवस पाय हलला नाही, आखडणारच. आईने तेल कोमट करून दिलं.

दोन दिवस मी ती पोटरी तुडवली. बाबा उशीत तोंड खुपसून सोसत होते, कारण पाय लेकीचा होता. सुस्कारा काही आला नाही. मी जोर वाढवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा अर्धा ठेवून ते म्हणाले, छातीत कोंडल्यासारखं होतंय. गाडी मिळाली, दवाखानाही गाठला, पण बाबा वाटेतच गेले होते.

तिथली डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होती. तिने बाबांचे दोन्ही पाय शेजारी शेजारी पाहिले आणि विचारलं, हा पाय कोणी चोळला होता का. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच चोळला. मला ठाव नव्हतं."

डॉक्टर तिच्यावर रागावली नाही. तिने समजावून सांगितलं. कष्टाने येणारा गोळा बहुधा चालण्याफिरण्याने, ताण देण्याने, शेकण्याने सुटतो. पण बरेच दिवस पडून राहिलेल्या माणसाचा एकच पाय सुजला, गरम झाला, तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळायचं नाही, तसंच दवाखान्यात आणायचं. गुठळी सुटून छातीत जाते. न चोळताही गेली असती कदाचित, असंही ती म्हणाली. त्या एका वाक्याला धरून मी दिवस काढते, पण मला ते पटत नाही.

चुलते, आत्या, सगळे तिथेच उभे होते. दिवसकार्याआधी गावभर झालं की म्हातारीने नवऱ्याचा पाय चोळला आणि घात झाला. भावाला खरं माहीत होतं, पण आईने त्याला शपथ घातली. तेराव्यानंतर ती तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा मी तिला विचारलं, असं का बोललीस.

"तुला सासरी जायचंय," ती म्हणाली. "मला आता कुठं जायचंय गो?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. आजही माझ्याकडे माणसं येतात. मी पाय ठेवत नाही कुणावर. दोन्ही पोटऱ्या हाताने चाचपते, एकीकडे सूज दिसली तर दवाखान्यात पिटाळते. लोक म्हणतात, केवढी जपते.

यंदा आवणीला मी माहेरी गेले होते. दुपारी बायका बांधावर बसून एकमेकींच्या पोटऱ्या दाबत होत्या. आईजवळ कोणी बसलं नव्हतं. तिच्या दोन्ही पायांत गोळे आलेले लांबूनही दिसत होते. मी तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केला. तिने पटकन पाय पोटाशी ओढून घेतले. आपण काय केलं हे तिलाही नंतरच कळलं असावं, कारण ती माझ्याकडे बघेना. मग खाली मान घालून तिने स्वतःच्याच अंगठ्याने पोटरी दाबायला सुरुवात केली.