कोरडा पंप

चाकणच्या एमआयडीसीत कुठं पाणी तुंबलं की युनूसला फोन जातो. बावीस वर्षं तो पंप दुरुस्त करतोय आणि त्याचा नियम एकच: पाणी उपसून झालं की पंप बंद. कोरडा चालवला तर जळतो. गड्याने हाच नियम घरातही लावला, आणि तिथेच त्याची हुशारी नडली.

त्याची बायको झुलेखा साखरेची पेशंट. तोंडात सारखी पांढरी बुरशी धरायची. डॉक्टर चौदा दिवसांच्या गोळ्या द्यायचे, पण चौथ्या दिवशी जीभ साफ दिसली की युनूस उरलेलं पाकीट कपाटात टाकायचा. "बरी झालीस ना? मग उगाच अंग कशाला जाळायचं?" असं दोन वर्षं चाललं.

यंदा तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि बुरशी रक्तात उतरली. नेहमीचं औषध लागू पडेना. चिंचवडच्या हॉस्पिटलात डॉक्टर तेजस्विनींनी युनूसला बाजूला घेतलं.

"काका, बुरशीच्या पेशीला पातळ पडदा असतो, त्यात बारीक पंप असतात. गोळी आत शिरली की ते तिला बाहेर फेकतात. अर्धवट औषधात ज्यांचे पंप जास्त, त्याच पेशी जगल्या आणि वाढल्या."

"त्यास्नी लाईट कुठनं मिळती?" एवढं ऐकून युनूसला तेवढंच सुचलं.

"पेशी साखर जाळून ताकद तयार करते. ही साखर काकूंच्याच रक्तातली."

युनूसने मान हलवली. रडू आलं नाही, रागही आला नाही. आत सगळं बधिर झालं होतं. यंत्र मात्र त्याला चटकन कळलं, आणि ते कुणी पोसलं हेही कळलं.

नवं औषध बुरशीच्या पेशीभोवती असलेल्या भिंतीवर बाहेरूनच घाव घालणारं होतं, त्यामुळे ते उपसून टाकणं तिला जमणार नव्हतं. खाटेशेजारच्या छोट्या पंपातून ते झुलेखाच्या शिरेत जाऊ लागलं. चौथ्या दिवशी ताप उतरला.

"उतरलं पाणी," ती क्षीण आवाजात म्हणाली. "आता बंद करायला सांगा."

"न्हाई. सगळे दिवस चालू दे."

पण बुरशी आधीच हृदयाच्या झडपेपर्यंत पोचली होती. सहाव्या दिवशी दुपारी झुलेखा गेली. सिस्टरने तिच्या तोंडावर चादर ओढली. औषध अजून जातच होतं.

"काका, पंप बंद करू?"

युनूसने पंपाच्या बटणावर हात आडवा धरला.

"राहू द्या," तो म्हणाला. "चालू दे थोडा वेळ."