रोहूचे खवले

रोहू साफ करताना आज एक खवला अंगठ्याला चिकटला आणि चिमूरजवळच्या आमच्या गावातले बेने इस्रायली गुरुजी आठवले. तलावातला जाडजूड मांगूर मायनं त्यांना मोठ्या मानानं नेऊन दिला. ते ओशाळून म्हणाले, "बाई, आम्ही ज्यू. खवले नसलेला मासा आम्हाला चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मायनं रोहू नेला. पण गुरुजींना त्रास नको म्हणून चकचकीत खरवडून. गुरुजी पुन्हा घुटमळले. "याला खवले होते, हे कसं कळायचं?"

"मी खोटं बोलून राह्यली का?"

माय तणतणत घरी आली. उकिरड्यावरच्या कोंबड्या हाकलून तिनं मूठभर खवले पळसाच्या पानात बांधले. तेव्हा मी लाजेनं मेले होते. आज वाटतं, इतक्या निष्ठेनं तिनं स्वतःच्या देवालाही काही नेलं नसेल.

"घ्या गुरुजी, तुमच्या देवाले दाखवा!"